पसारा मोजायचा तास

दरवर्षी सप्टेंबर संपता संपता वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते: ‘पावसाने सरासरी गाठली.’ ती वाचून कुणाला आनंद होत नाही की दुःख होत नाही. ज्याची पेरणी जूनमध्ये करपली आणि दुबार पेरलेलं सप्टेंबरात वाहून गेलं, त्याच्याही शिवारानं सरासरी गाठलेलीच असते. आमच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे पडला तर लोक देवाला नारळ फोडतात. दोन्हींची सरासरी काढायला कुणाची मनाई नाही. पण त्या सरासरीनं माणमधल्या विहिरीला पाझर फुटत नाही आणि महाबळेश्वरच्या भिंतीची ओल वाळत नाही.

२६ जुलै २००५ ला तर सरासरीची पुरती शोभा झाली. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही मुंबईच. सरासरी साधारण ५०९ मिलिमीटर. त्या ५०९ मिलिमीटरात भिजलेला मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. जो भेटतो तो एक तर गळ्यापर्यंत पाण्यातून चालत घरी गेलेला असतो, नाही तर कुलाब्याच्या खिडकीत बसून ‘आज लोकल का बंद?’ म्हणून विचारत असतो.

म्हणजे आकडा एक सांगून भागत नाही, दोन सांगावे लागतात. मध्य कुठे आहे तो एक, आणि त्या मध्याभोवती पसारा किती पडलाय तो दुसरा. पहिला आकडा सांगायची आपल्याला फार हौस. दुसरा कुणी विचारला की ‘तेवढं खोलात कशाला?’ राज्य मंडळाची पुस्तकंही याच स्वभावाची. सरासरी सातवीत येते. नववीत तिच्या जोडीला मध्यक आणि बहुलक येऊन मधोमध चांगली गर्दी होते. पसारा मोजायचं प्रकरण मात्र अकरावीपर्यंत माळ्यावर. दहावीनंतर जो शाळा सोडतो, त्याच्या वाट्याला फक्त मध्य येतो आणि पसारा तो पुढे आयुष्यात प्रत्यक्ष बघतो. अमेरिकेत २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय आराखड्यानं हे सहावीतच टाकलं. तिथली पोरं काही आपल्यापेक्षा हुशार नसतात, पण बाराव्या वर्षी त्यांना दुसरा आकडा विचारायची परवानगी असते.

आमच्या शाळेत हा विषय आला तो परिपत्रकाच्या वाटेनं. २९ जून हा प्रशांतचंद्र महालनोबिसांचा जन्मदिवस, आणि २००७ पासून तो ‘सांख्यिकी दिन’. हेडसरांनी परिपत्रक माझ्या हातात ठेवलं. “बाई, तुम्ही गणिताच्या. काहीतरी घ्या आणि फोटो टाका.” फोटो संध्याकाळपर्यंत हवे होते. काय घ्यायचं याला मुदत नव्हती. सातवीचा वर्ग होता, पटावर त्रेचाळीस. म्हटलं, घेऊ पसारा.

पहिल्या दिवशी फळ्यावर दोन वडापच्या जीप उभ्या केल्या. पाच दिवसांत पहिली जीप रोज दहा मिनिटं उशिरा. दुसरी दोन दिवस वेळेवर, एक दिवस पाच मिनिटं उशिरा, एक दिवस पंधरा आणि एक दिवस तीस. दोघींचा सरासरी उशीर दहा मिनिटं. “कुठल्या जीपनं यायचं?” वर्ग एका आवाजात म्हणाला, “पहिल्या!” का? तिसऱ्या बाकावरची म्हणाली, “बाई, ती रोज दहा मिनिटं उशिरा येते म्हणजे वेळेवरच येते की. आपण दहा मिनिटं उशिरा निघायचं.” संख्याशास्त्रातली सगळी भरवशाची कल्पना पोरीनं एका वाक्यात उरकली. शेवटच्या बाकावरचा एकटाच दुसऱ्या जीपच्या बाजूचा निघाला. त्याचं म्हणणं, तीस मिनिटं उशीर झाला की पहिला तास आपोआप बुडतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर चुकीचं काही नव्हतं. पसारा कुणाला तोट्याचा आणि कुणाला फायद्याचा हे ज्याच्या-त्याच्या बाकावर अवलंबून असतं.

तर पोरांना हे येतच होतं. शिकवायचं एवढंच होतं की त्याला आकडा कसा लावायचा. आणि माझ्या अनुभवानं सांगते, माणसाला जे कळलेलं असतं त्याला आकडा लावायला गेलं की ते कळेनासं व्हायला सुरुवात होते.

पहिला आकडा सगळ्यात सोपा: मोठ्यातून लहान वजा. पुस्तकी भाषेत विस्तार. त्यासाठी प्रत्येकाला एकच बाक मोजायला सांगितला. बाक एक, सुतार एक, मोजणारे त्रेचाळीस. कंपासपेटीतल्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीनं मोजायचं म्हणजे बोट ठेवत ठेवत पट्टी पुढे सरकवायची. ज्याचं बोट जाड त्याचा बाक लहान. काहींनी पट्टीच्या शून्यापासून मोजलं, काहींनी पट्टीच्या टोकापासून. एकीची पट्टी अलीकडून तुटलेली होती आणि तिच्यात आयुष्य तीनपासून सुरू होत होतं. उत्तरं ११८ पासून १२३ पर्यंत आली. विस्तार पाच. फळ्यावर लिहिणार, एवढ्यात खिडकीजवळचा म्हणाला, “बाई, माझं सत्तेचाळीस आलंय.”

विस्तार एकदम शहात्तर झाला. बेचाळीस जणांनी घाम गाळून कमावलेली अब्रू एका पोरानं घालवली. वर्ग खवळला. “त्याला काढून टाका!” मी विचारलं, का काढायचं? “तो आमच्यासारखा नाही.” मोठमोठ्या समित्यांमध्ये याहून वेगळं कारण दिल्याचं मी ऐकलेलं नाही. वही मागवून बघितली, तर पोरानं वडिलांची शिलाईकामाची टेप आणली होती आणि तिच्या इंचांच्या बाजूनं मोजलं होतं. सत्तेचाळीस इंच म्हणजे एकशे एकोणीस सेंटिमीटर आणि वर थोडं. टेप सलग, त्यामुळे बोट ठेवायची भानगड नाही. सगळ्या वर्गात सगळ्यात नीट मोजलेला बाक त्याचाच होता, फक्त एकक वेगळं. काढून टाकण्याआधी चौकशी करावी, हा धडा सातवीच्या वहीत त्या दिवशी गेला. तो पुढे कितीजण वापरतील हे मला सांगता येत नाही.

विस्ताराचा स्वभावच असा. तो फक्त दोन टोकांचं ऐकतो, मधल्या एक्केचाळीस जणांना हिंग लावून विचारत नाही. क्रिकेटमध्ये तर तो पूर्ण निकामी. कसोटी खेळणारा मोठा फलंदाज कधी ना कधी शून्यावर बाद झालेला असतोच. मग विस्तार म्हणजे त्याची सर्वोच्च धावसंख्या. तेंडुलकरचा २४८, लाराचा ४००. या हिशोबानं लारा तेंडुलकरपेक्षा बेभरवशाचा, आणि दोघांपेक्षा भरवशाचा कोण, तर दहाव्या-अकराव्या नंबरवर येऊन नेमानं तीन धावा काढून जाणारा गोलंदाज. पोरांना हे फार आवडलं. वर्गातल्या क्रिकेट संघात शेवटी येणाऱ्यानं तर तास संपेपर्यंत कॉलर ताठ ठेवली होती.

सांख्यिकी दिन जूनमध्ये होऊन गेला, फोटो कुठल्या कुठे गेले, पण एकदा काढलेला पसारा आवरायला हिवाळा उजाडला. एका परीनं बरंच झालं, कारण बाजारात मटार आला होता. प्रत्येकानं घरून पाच शेंगा आणायच्या, सोलायच्या आणि शेंगेत किती दाणे निघाले ते लिहायचं. इथे सांख्यिकीतली एक मोठी अडचण समोर आली: माहिती खाण्याजोगी असली की ती नोंदीपर्यंत टिकत नाही. पाच शेंगांचे दाणे लिहायच्या आत निम्म्या वर्गानं फस्त केले होते आणि आठवून आकडे लिहीत होते. तरी पहिल्या बाकावरच्या एका सालस मुलीकडे पाचही शेंगा शाबूत होत्या. तिचे आकडे फळ्यावर घेतले: ३, ५, ७, ७, ८. बेरीज तीस, सरासरी सहा.

आता प्रत्येक शेंग सरासरीपासून किती लांब? उणे तीन, उणे एक, अधिक एक, अधिक एक, अधिक दोन. या सगळ्या अंतरांची सरासरी काढली की झालं, असं वर्गाला वाटलं. काढली. शून्य आलं. पोरं चमकली. दुसऱ्यानं स्वतःच्या शेंगांवर करून बघितलं, शून्य. तिसरीचं शून्य. “बाई, कुणाचंही केलं तरी शून्यच येतंय. मग हे करायचं कशाला?” प्रश्न बरोबर होता. सरासरी ही बाई अशी की ती कुणाच्याच बाजूची नसते. वरच्यांचं जेवढं देणं तेवढंच खालच्यांचं येणं, खातं कायम चुकतं. उपाय एकच. मी म्हटलं, “उणे चिन्हं सोडून द्या.”

वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. शाळा सुरू झाल्यापासून उणे चिन्ह विसरलं म्हणून याच पोरांचे अर्धा-अर्धा गुण मी कापत आले होते. लाल पेनानं गोल केले होते, पालकांना बोलावलं होतं. आणि आज बाई स्वतः फळ्यावर उभ्या राहून सांगतायत, सोडून द्या. एकानं हळूच विचारलं, “मग आमचे कापलेले गुण?” मी केवल मूल्य, अंतर कधी उणे नसतं, घर ते शाळा आणि शाळा ते घर सारखंच लांब, वगैरे सगळं सांगितलं. ते त्यांना पटलं. गुणांचं पटलं नाही. चिन्हं सोडल्यावर तीन, एक, एक, एक, दोन. बेरीज आठ, भागिले पाच, एक पूर्णांक सहा दशांश. म्हणजे या मुलीच्या शेंगा सरासरीपासून सरासरी दीड-पावणेदोन दाणे इकडे-तिकडे.

इथेच थांबले असते तर लोकप्रिय शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असते. पण उत्साह. म्हटलं, चिन्ह घालवायचा आणखी एक रस्ता आहे, वर्ग करा. नऊ, एक, एक, एक, चार. बेरीज सोळा, भागिले पाच, तीन पूर्णांक दोन. “तीन पूर्णांक दोन काय?” तिसऱ्या बाकानं विचारलं. नियमानं उत्तर ‘चौरस दाणे’ असं आहे. ते मी दिलं आणि पुढची काही मिनिटं वर्गात गणित झालं नाही. चौरस दाण्याची उसळ कशी लागेल, तो शेंगेत मावेल का, आडवा ठेवायचा की उभा, यावर चर्चा झाली. शेवटी म्हटलं, म्हणून तर आता वर्गमूळ काढायचं, म्हणजे परत साधे दाणे मिळतात. “आधी वर्ग केला आणि आता वर्गमूळ? मग केला कशाला?” आमच्याकडे नळाचा खड्डा खणून, बुजवून, परत खणणाऱ्यांना हा प्रश्न आजवर कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत विचारलेला नाही. मोठे आकडे जास्त मोठे व्हावेत, लांबच्यांची जरा जास्त दखल घेतली जावी, म्हणून. आणि पुढचं गणित या रीतीनं सरळ चालतं, म्हणून. १८९४ साली कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञानं याला जे नाव लिहून ठेवलं त्याचं आपण प्रमाण विचलन केलं. उत्तर एक पूर्णांक एकोणऐंशी शतांश, म्हणजे जवळजवळ मघाचंच.

दुपारी स्टाफरूममध्ये विज्ञानाचे सर म्हणाले, पाचनं कशाला भागलंत, चारानं भागायचं. एक वजा करायचा असतो. कॅल्क्युलेटरवर दोन वेगळी बटणं उगाच दिलेली नाहीत. मी म्हटलं, सगळ्या शेंगा हातात असतील तर पाच, आणि शेंगा नुसत्या नमुन्याच्या असतील तर चार. ते म्हणाले, शेंगा नमुन्याच्याच. सगळ्या जगातला मटार तिनं कुठे सोलला? मी म्हटलं, तिनं आणलेला तर सगळा सोलला. चहा गार झाला. मराठीच्या बाईंनी, एक शेंग कमी-जास्त झाल्यानं एवढं काय बिघडतं, असं विचारून दोघांनाही एकत्र आणलं. त्यानंतरचा वाद त्यांच्याशी झाला.

पसाऱ्याची तिसरी रीत मैदानावर घेतली. परिपाठाला पोरं उंचीनंच उभी असतात, त्यामुळे निम्मं काम पी.टी.च्या सरांनी आधीच करून ठेवलेलं. सर्वांत बुटक्यापासून मोजत बाविसावा तो निम्म्यावरचा, अकरावा पावावरचा, तेहतिसावा पाऊणवरचा. तिघांना एक पाऊल पुढे घेतलं. पावापासून पाऊणपर्यंतची जी मधली निम्मी जनता, तिच्या उंचीतला फरक म्हणजे पसारा. यात टोकाच्या माणसाला काही किंमतच नाही. रांगेच्या शेवटी आमच्या ताडमाड पोराच्या जागी बास्केटबॉलचा खांब उभा केला असता तरी उत्तर बदललं नसतं. अकराव्यानं मात्र टाचा वर करायला सुरुवात केली, कारण पुढे येऊन सगळ्यांच्या नजरेत बुटक्यांचा प्रतिनिधी म्हणून उभं राहणं त्याला नको होतं. त्यानं टाचा उचलल्या म्हणून बाराव्यानं उचलल्या. थोड्या वेळानं मधली निम्मी जनता चवड्यांवर उभी होती आणि पसारा होता तेवढाच राहिला. सगळेच चढले की कुणीच चढत नाही, हे पगारवाढीच्या वेळी मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

या पाव-पाऊणच्या रीतीचा एक जुना भोक्ता म्हणजे फ्रान्सिस गाल्टन. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात १९०६ साली एका बैलाचं वजन ओळखायची पैज लागली होती: कापून साफ केल्यावर मांस किती भरेल. सहा पेनी तिकीट, हिशोबात धरण्याजोगी ७८७ तिकिटं. गाल्टननं ती मागवून घेतली, चढत्या क्रमानं लावली आणि पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये छापली. निम्म्यावरचं उत्तर १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. ही गोष्ट जो तो सांगतो: बघा, लोकांना कळतं! पण त्याच तक्त्यात पाव ११६२ वर आणि पाऊण १२३६ वर आहे, हे कुणी सांगत नाही. म्हणजे ७८७ पैकी निम्म्या मंडळींचं उत्तर या पट्ट्याच्याही बाहेर होतं. त्यांनीही सहा पेनीच दिले होते. लोकशाहीत सरासरी निवडून येते, आणि पसारा घरी जाऊन बायकोला सांगतो की बैलच लबाड होता.

पसाऱ्यावर आयुष्य काढलेला एक माणूस आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला ते सांख्यिकी विभागाचे संचालक होते. जगात उपाशी किती हे मोजायचं काम. सोपी रीत अशी की माणसाची सरासरी गरज ठरवायची आणि त्याखाली जो खातो तो उपाशी. सुखात्मे म्हणाले, असं कसं? माणसागणिक गरज वेगळी, आणि एकाच माणसाची आजची वेगळी, उद्याची वेगळी. सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेघ २,२५० कॅलरींवर धरली, तर तिच्याशीही सुखात्म्यांचं जमलं नाही. वाद पुण्यात चालला होता, त्यामुळे तो लवकर मिटण्याचा प्रश्न नव्हता.

आमच्या पोषण आहारात हा वाद रोज दुपारी जिवंत होतो. नियमानं पाचवीपर्यंतच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. म्हणजे पाचवी पास झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत पोटात पन्नास ग्रॅमची जागा तयार होते. प्रत्यक्षात सातवीत एक असा आहे की तीनदा ताट घेऊन येतो, आणि एक अशी की खिचडीतले शेंगदाणे वेचून बाकीची खिचडी त्याला देते. खिचडी वाढणाऱ्या मावशींना प्रमाण विचलन येत नाही, पण ताट पुढे आलं की त्या आधी चेहरा बघतात आणि मग पळी भरतात. रजिस्टरला मात्र सगळी पोटं दीडशेची.

जानेवारीत पालकसभा झाली. पालकसभेचा एक ठरलेला प्रश्न असतो: “आमचं सरासरीच्या वर आहे ना?” मी होय म्हणते. तेवढ्यानं माणसं सुखानं चहाकडे वळतात. वर म्हणजे किती वर, आणि वर्गाचा पसारा केवढा, हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या बाकावरचीचे वडील मात्र उठेनात. टोमॅटो लावतात. पांढरी टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, “बाई, पोरगी घरात पट्ट्या काढून बसली होती.” अडत्याकडून मालाची जी पट्टी येते ती. एका हंगामाच्या पाच पट्ट्या, क्रेटला भाव: साठ, ऐंशी, नव्वद, एकशेवीस, साडेसहाशे. “मी कुणी विचारलं की सांगायचो, क्रेटला दोनशे पडले यंदा. खोटं नव्हतं. तर ही म्हणती, आप्पा, सरासरी दोनशे, पण पसारा एकशेऐंशी. नुसतं दोनशे सांगू नका.”

मी मनातल्या मनात करून बघितलं. एकशेचाळीस, एकशेवीस, एकशेदहा, ऐंशी, साडेचारशे. नऊशे, भागिले पाच. पोरीनं चिन्हंसुद्धा बरोबर सोडली होती.

“दोनशेनं माल कधी गेलाच नाही बघा,” ते म्हणाले. “हे आम्हाला ठाऊक होतं, पण असं आकड्यात कुणी सांगितलं नव्हतं. आता एक विचारायचंय. पसारा मोजायचा कसा, ते तुम्ही सातवीत शिकवलंत. तो कमी कसा करायचा, ते कितवीत आहे?”

“अकरावीपर्यंतच्या पुस्तकात तरी नाही,” मी म्हटलं.

त्यांनी टोपी घातली, रजिस्टरवर सही केली. “मग बारावी करू दे तिला,” म्हणाले, आणि चहा न घेता पाचची गाडी धरायला गेले.